चेनसॉचं इंजिन घासलंय, सिलेंडर-पिस्टनचं किट कंपनीचं घ्यावं की लोकल?

तुम्ही लिहिलंय की चेनसॉचं, म्हणजे झाडं कापायच्या मशीनचं, कम्प्रेशन गेलंय, दोरी मोकळी ओढली जाते, मशीन चालू होत नाही. दुकानदार लोकल किट घ्या म्हणतो, तुमचा जीव कंपनीच्या किटात अडकलाय. आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीय, की गड्यानं पेट्रोलात ऑइल टाकलं नसणार, म्हणून हे झालं. किटचं सांगतो. पण आधी त्या शेवटच्या ओळीचं बोलू द्या, कारण त्याच एका वाक्यावरून आमच्या घरात अजूनही वाद आहे.

मशीनचा सायलेन्सर काढून बघितला का? तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. प्लगच्या भोकातून पिस्टनचा फक्त माथा दिसतो, त्यावरून काही कळत नाही. सायलेन्सर काढा, पोर्टातून, म्हणजे सिलेंडरच्या बाजूच्या भोकातून, बॅटरीचा उजेड मारा आणि दोरी हळूहळू ओढत पिस्टनची बाजू बघा. मग कार्बोरेटर काढून दुसऱ्या बाजूनंही बघा. किटची ऑर्डर, गड्यावरचा आळ, सगळं त्यानंतर.

आमचं गाव अंबड तालुक्यात. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकर घालून काहींनी वाचवल्या, बाकीच्यांना तोडण्यावाचून इलाज नव्हता. आमच्या दाजींनी तेव्हा एक चांगलं मशीन घेतलं आणि बागा तोडायची कामं धरली. मशीन चालवायला गावातलेच एक जण होते. माझ्या वडिलांच्या वयाचे, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. दिवाळीनंतर जोडीनं ऊसतोडीला जायचे, उन्हाळ्यात दाजींकडं. चेनला कानस मारावी तर मामांनीच. ऑइलचं माप त्यांनी सलाइनच्या बाटलीवर रेघ मारून ठेवलं होतं, आणि त्या रेघेच्या खाली-वर त्यांनी कधी ओतलेलं मी बघितलं नाही.

एका संध्याकाळी मामांनी दाजींना सांगितलं, "रेस सोडली तरी मशीन लवकर खाली बसंना, उगंच ओरडतंय." मी तिथंच होतो. दाजी म्हणाले, स्क्रू फिरवा थोडा, काम थांबवू नका. दुसऱ्या दिवशी भर दुपारी एका जाड बुंध्यात मशीन जागीच बंद पडलं. दाजींनी दोरी ओढून बघितली, हाताला दम लागला नाही, आणि निकाल देऊन टाकला: ऑइल घातलं नाही. हिशोबाला बसले तेव्हा किटचे पैसे मामांच्या मजुरीतून कापले. मामा एवढंच म्हणाले, "ऑइल टाकलं होतं, दाजी." पुढच्या उन्हाळ्यात ते आमच्याकडं कामाला आले नाहीत.

मशीन माझ्याकडं आलं, कारण मी तेव्हा मोटारी आणि फवारणीचे पंप दुरुस्त करायचो. सिलेंडर उचलला. पिस्टनवर उभ्या रेघा होत्या, पण फक्त सायलेन्सरच्या बाजूला. कार्बोरेटरच्या बाजूला कारखान्यातल्या मशीनिंगच्या बारीक आडव्या रेषासुद्धा शाबूत होत्या. खाली क्रँक-केसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीत, बोट फिरवलं तर बोट तेलानं ओलं. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग तेलात चमकत होतं. मग कॅनमधल्या उरलेल्या पेट्रोलचा एक थेंब वहीच्या कागदावर टाकला. पेट्रोल उडालं आणि कागदावर तेलाचा डाग राहिला. नुसत्या पेट्रोलाचा डाग राहत नाही. कॅनमध्ये ऑइल होतं, इंजिनात ऑइल होतं.

मग मॅग्नेटचं चाक काढलं. त्याच्या मागचं ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीची रबरी कडी, लाकडासारखं कडक झालेलं, त्याची कड एका जागी फाटलेली, भोवती काळा ओला भुसा चिकटलेला. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जाताना खालची केस हवा ओढते, आणि ती हवा कार्बोरेटरमधूनच आली पाहिजे. सील फाटलं की बाहेरची कोरडी हवा आत शिरते. मिश्रण पातळ पडतं. पेट्रोल कमी म्हणजे त्याच्यासोबत येणारं ऑइलही कमी आणि गारवाही कमी. रेस आपोआप चढते, सोडली तरी उतरत नाही, आणि पिस्टन सगळ्यात तापलेल्या बाजूनं, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूनं घासतो. आदल्या संध्याकाळी मामा जे सांगत होते ते अक्षरशः हेच होतं.

दाजींना सगळं समोर ठेवून दाखवलं. ते म्हणाले, इंजिन तापलं म्हणून सील गेलं. मग आदल्या संध्याकाळी, इंजिन धडधाकट चालू असताना रेस का अडकत होती? याचं उत्तर त्यांनी तेव्हाही दिलं नाही. त्यांनी मशीन उचलून दुसरीकडं नेलं, नवीन लोकल किट टाकून घेतलं, सील तेच ठेवलं. त्याच हंगामात ते किटही त्याच बाजूनं घासलं. या वेळी पेट्रोलात ऑइल दाजींनी स्वतःच्या हातानं घातलेलं होतं. आणि आता ते काय म्हणतात? किट डुप्लिकेट होतं. आधी माणूस दोषी, मग पार्ट दोषी. म्हणून 'कंपनीचं की लोकल' हा प्रश्न दिसला की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही.

तर आता तुमचं. रेघा फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर बाहेरची हवा शिरतेय किंवा कार्बोरेटर कमी पेट्रोल देतोय असं धरून चाला. कार्बोरेटरच्या बाजूला पिस्टन राखाडी, पॉलिश केल्यासारखा झिजला असेल तर फिल्टरमधून धूळ गेलीय. उन्हाळ्यात वाळलेली बाभूळ कापणाऱ्या मशीनचं बहुतेक हेच होतं. चहूबाजूंनी घासलाय आणि केस कोरडी ठणठणीत आहे, तरच ऑइलचं बोला.

हवा कुठून शिरते ते शोधायला महागडं यंत्र लागत नाही. सायलेन्सरचं तोंड आणि कार्बोरेटरची जागा सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून घट्ट बंद करा, प्लग बसवा, आणि जी बारीक नळी केसमधून कार्बोरेटरला दाब देते तिथून हवा भरा. बीपी बघायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काटा यासाठी उत्तम. काटा ३०० वर न्या, म्हणजे ०.४ बार झालं. साबणाचं पाणी लावून बघा फेस कुठं येतो, क्रँक हळूहळू फिरवत राहा. दाबाला टिकणारी सीलं कधीकधी ओढीला गळतात, त्यामुळं उलटी, हवा बाहेर ओढायची चाचणीसुद्धा करा. ही चाचणी न करता नवीन किट बसवणाऱ्या मिस्त्रीकडं मशीन देऊच नका, मग तो कितीही नावाजलेला असो.

सिलेंडर लगेच फेकू नका. आणि बोअरिंगला तर मुळीच नेऊ नका. जुन्या राजदूतला बिडाचा सिलेंडर होता, तो बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसायचा. चेनसॉच्या ॲल्युमिनियम सिलेंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा नाहीतर क्रोमचा पातळ थर असतो. लेथवर चढवला की तो थर गेला आणि सिलेंडरही गेला. बऱ्याच वेळा आत जे खरखरीत दिसतं ते सिलेंडरचं नुकसान नसतं, पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम तिथं चिकटलेलं असतं. थर निकेलचा असेल तर काडीला कापूस गुंडाळून फरशीचं ॲसिड फक्त त्या पट्ट्यावर लावा. फसफसायचं थांबलं की ॲल्युमिनियम संपलं, लगेच पाण्यानं धुवा. पोर्टाच्या कडांना ॲसिड लागू देऊ नका, तिथं उघडं ॲल्युमिनियम असतं. नंतर बारीक एमरी पेपर तिरका फिरवा. नख अडकत नसेल तर सिलेंडर चांगला आहे, फक्त पिस्टन आणि रिंगा घ्या. पुसून पुसून लावलं तरी फसफसतच राहिलं, तर थर उडालाय, मग मात्र नवा सिलेंडर.

कंपनीचं की लोकल? माझं मत असं: कंपनीचा जुना सिलेंडर वाचत असेल तर तो नव्या लोकल सिलेंडरपेक्षा केव्हाही बरा. पिस्टन चांगल्या बाहेरच्या कंपनीचा चालतो, इटलीच्या मेटिओरचा मिळाला तर डोळे झाकून घ्या. रिंगा केबर कंपनीच्या. ऑइल सीलं, गजन पिनची (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) लॉकं आणि कार्बोरेटरमागचं रबर यांत मात्र पैसे वाचवू नका, ती कंपनीचीच. लॉक एकदा काढलं की परत वापरायचं नाही. सुटलं तर ते पोर्टात जाऊन सगळं किट खातं. क्रँकच्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा आणि सी३, म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक असलेलं, मागा. लोकल सिलेंडर घ्यायचाच असेल तर पोर्टाच्या कडांवरून आतून बोट फिरवा. धार लागली तर त्या कडा रिंग तोडणार. असा सिलेंडर परत करा, नाहीतर बारीक दगडानं कडा मारून घ्या. रिंग सिलेंडरमध्ये सरळ ढकलून तोंडांमधली फट फिलर गेजनं मोजा. एक मिलिमीटरच्या आसपास असेल तर ती रिंग नवी असली तरी नको.

बसवताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडं. क्लच उलट्या आट्याचा असतो, तो घड्याळाच्या दिशेनं सुटतो. जोर लावून लोक क्रँक वाकवतात. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून सुताची दोरी आत सोडा, पाना घालू नका. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं, कार्बोरेटरचे पडदे आणि नळ्या कडक करतं, आणि मिश्रणही थोडं पातळ पाडतं. त्यामुळं किटबरोबर पडदे आणि नळी बदलाच, कार्बोरेटरचा एच स्क्रू (फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा) थोडा जास्त पेट्रोलावर ठेवा आणि मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा.

हे सगळं चांगल्या मशीनला लागू आहे. तुमचं चायना मशीन असेल आणि क्रँकचा रॉड वर-खाली हलत असेल, तर खर्च करू नका, त्या पैशात नवं येईल. रॉड आडवा थोडा हलतो, ते चालतं. चायनात ५२०० आणि ५८०० ही मॉडेलं बाहेरून सारखीच दिसतात. पहिल्याचा बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ४५ मिलिमीटर, दुसऱ्याचा ४५.२, तेव्हा स्टिकर बघून किट मागवू नका, व्हर्नियर लावा.

आणि ऑइल खरंच विसरलं जातं, असंही घडतं. तुमच्याकडं तसं झालं असेल तर पिस्टन ते दाखवेलच. पिस्टनचे दोन्ही बाजूंचे आणि केसच्या आतला असे फोटो टाका, बोअरचं माप लिहा, मग कुठले पार्ट घ्यायचे ते नक्की सांगतो. तोवर गड्याच्या हिशोबाला हात लावू नका, आणि बंद पडण्याआधी मशीन कसं वाजत होतं ते त्याला नीट बसवून विचारा.