पार्सलचा 'पत्ता अपूर्ण' असल्याचा मेसेज खरा की खोटा?

तुम्ही विचारलंत तो, तुमच्या बाबांनी मागवलेल्या फवारणी पंपाबद्दल आलेला 'पत्ता अपूर्ण आहे, 24 तासांत लिंकवर 25 रुपये भरा' हा मेसेज खोटा आहे. लिंक उघडू नका.

आपल्याकडे लोक नेमके इथेच फसतात, कारण खेड्यातला पत्ता खरंच अपुरा असतो. घर नंबर नाही, 'मारुतीच्या देवळामागे, ता. दारव्हा' एवढ्यावर भागतं. पण घर सापडलं नाही तर पार्सलवाला पोरगा फोन करतो, स्टँडवर या म्हणतो. लिंक पाठवून पैसे मागत नाही. टपाल खात्याच्या नावानेही असाच मजकूर फिरतो, तो खोटा असल्याचं पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाने, जाहीर केलेलं आहे.

खात्री करायची तर ऑर्डर ज्याच्या मोबाइलवरून टाकली, मग तो पुतण्या असो की शेजारचा पोरगा, त्याच्याच ॲपमध्ये 'माय ऑर्डर्स' बघा. मेसेज साध्या दहा आकडी किंवा +63 सारख्या परदेशी नंबरवरून आला असेल तर पुढे बघायचंही काम नाही.

25 रुपये हे फक्त आमिष. त्या पानावर कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरून घेतात आणि तिकडे दुसरीकडेच मोठ्या रकमेची खरेदी टाकतात. मग बँकेचा ओटीपी येतो. त्या मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली असते, पण घाईत माणूस फक्त आकडे वाचतो. बाबांना एवढी एक सवय लावाच: ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायचा, रक्कम बघायची. डिलिव्हरीचा ओटीपी वेगळा. तो बँकेकडून येत नाही आणि पार्सल हातात आल्यावरच सांगायचा.

'ट्रॅकिंग ॲप' म्हणून एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) आली तर ती त्याहून घातक. इन्स्टॉल करून एसएमएसची परवानगी दिली की बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात. असं झालं असेल तर आधी डेटा आणि वायफाय बंद करा, आणि बँकेला फोन दुसऱ्या मोबाइलवरून लावा.

पैसे गेलेच तर शाखा उघडायची वाट बघू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि यूपीआय असेल तर 12 आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, हाताशी ठेवा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत तक्रार पोचली तरच ते गोठवता येतात. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा. बँकेलाही कळवून कार्ड बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार ओटीपी आपण दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं.