यंत्राने हात हलवला, तर व्यायाम कोणाचा?

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. ते आता चालतात, पण उजवा हात जेमतेम खांद्यापर्यंत उचलला जातो. आम्हाला रोबोटच्या मदतीने व्यायाम देणारे एक केंद्र सुचवण्यात आले आहे. यंत्रच हात हलवणार असेल, तर त्यात वडिलांचा व्यायाम कोणता? कर्ज काढून हे उपचार घ्यावेत का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपली शंका रास्त आहे. कारखान्यातला रोबोट ठरलेल्या मार्गावरून हटत नाही. आड काही आले तरी ते रेटून पुढे जातो, आणि असे यंत्र दुबळ्या हाताला जोडले तर हात फक्त फरफटत जाईल. अमेरिकेतील एमआयटीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी विकसित केलेल्या ‘एमआयटी-मॅनस’ या हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या रोबोटची रचना म्हणूनच वेगळी आहे. त्याचा दांडा रुग्णाच्या अशक्त हाताने ढकलला तरी सहज मागे सरकतो, आणि हात मार्गावरून जितका ढळेल तितक्याच जोराने, स्प्रिंगसारखा, त्याला परत वळवतो. रुग्ण स्वतः हालचाल करू लागला की यंत्र आड येत नाही.

मात्र कल्पना सुंदर असली, तरी निष्कर्ष माफक आहेत. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये १२७ रुग्णांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, थेरपिस्टने तितक्याच नेटाने करून घेतलेल्या व्यायामापेक्षा रोबोट सरस ठरला नाही. ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या चाचणीत (२०१९) हाताची हालचाल थोडी सुधारली, पण रोजच्या कामांसाठी हात वापरण्याच्या क्षमतेत नेहमीच्या उपचारांपेक्षा लक्षणीय फरक पडला नाही. आणि घरच्यांना तर घास तोंडापर्यंत जावा, सदऱ्याची बटणे लावता यावीत, एवढेच हवे असते.

माझ्या मते कर्ज काढू नये. यंत्राचा खरा उपयोग न थकता शेकडो आवर्तने करून घेण्यात आहे. थेरपिस्ट आणि घरची माणसे नियमितपणे भरपूर सराव करून घेत असतील, तर त्यातले बरेचसे घरीही साधते. केंद्रात जायचेच ठरले, तर आधी एक प्रयोग करावा. वडिलांना हात पूर्ण सैल सोडायला सांगावे. तरीही यंत्र एकट्याने हालचाल पूर्ण करत राहिले, तर मदत कमी करण्याची सोय त्यात आहे का आणि ती कोण, केव्हा बदलणार, हे विचारावे. खांदा दुखत असल्यास मात्र त्याआधी डॉक्टरांना दाखवावे.