आकाशातल्या रेघा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिसेंबरात मिथुन राशीतल्या उल्कावर्षावासाठी वावराच्या बांधावर कॅमेरा लावला. १८ मिमी लेन्स, एका फोटोला १५ सेकंद. संध्याकाळच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत रेघा आल्या. यातल्या उल्का कोणत्या, उपग्रह कोणते? आणि रेघा काढून टाकता येतात का?
(एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

उत्तर : एकच फोटो पाहून ठरवू नका; त्याच्या मागचा आणि पुढचाही उघडा. ५५० किमी उंचीवरचा उपग्रह डोक्यावरून जाताना सेकंदाला पाऊण अंश सरकतो, म्हणजे तुमच्या १५ सेकंदांत साधारण १२ अंश. लेन्समध्ये त्याच्या कितीतरी पट आकाश मावतं. त्यामुळे तीच रेघ लागोपाठ तीन-चार फोटोंत पुढे पुढे गेलेली दिसते आणि दोन तुकड्यांमध्ये शटर बंद असतानाची बारीक फट असते. उल्का एकाच फोटोत येते, दोन्ही टोकांना निमुळती होते. ठिपक्याठिपक्यांची रेघ असेल तर ते विमान.

फसवतो तो चमकणारा उपग्रह. त्याच्या पत्र्यावरून ऊन क्षणभर आपल्याकडे वळलं की रेघ मधेच जाड होते आणि थेट उल्केसारखी दिसते. अशा वेळी शेजारच्या फोटोत त्याच सरळ रेषेत पुसट खूण शोधा, बहुतेक वेळा सापडते. आणखी एक पडताळा म्हणजे रेघ मागे वाढवून पाहायची. ती पुनर्वसूतल्या कॅस्टर ताऱ्याच्या आसपास जात नसेल, तर ती या वर्षावातली उल्का नव्हे.

तुमच्या रेघा संध्याकाळीच का आल्या, याचं कारण साधं आहे. उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. आपल्याकडे अंधार पडला तरी तेवढ्या उंचीवर ऊन पोचत असतं. विदर्भाच्या अक्षांशावर डोक्यावरचा ५५० किमीवरचा उपग्रह सूर्यास्तानंतर सुमारे पावणेदोन तासांत पृथ्वीच्या सावलीत शिरतो. पश्चिमेकडचे आणखी अर्धा तास दिसतात. डिसेंबरात रात्री आठनंतर पहाटे साडेचारपर्यंत आकाश त्यांच्यापासून बरंचसं मोकळं असतं. युरोपच्या उत्तरेकडे उन्हाळ्यात ही सोय नाही, तिथे ते रात्रभर उजेडात राहतात. मिथुनातल्या उल्का तशाही मध्यरात्रीनंतर, दोनच्या सुमारास जास्त दिसतात. तेव्हा बॅटरी संध्याकाळी संपवू नका.

आता रेघा काढण्याबद्दल. सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. एकाच भागाचे किमान २० ते ३० फोटो घ्या, आधी ताऱ्यांवर जुळवून घ्या आणि एकत्र करताना ‘सिग्मा क्लिपिंग’ निवडा. प्रत्येक बिंदूवर तीस फोटोंतले उजेडाचे तीस आकडे तपासले जातात. रेघेचा एकच आकडा इतरांपेक्षा फार वेगळा निघतो, म्हणून तो टाकला जातो. पाच-सहाच फोटो असतील तर वेगळा कोणता हे सॉफ्टवेअरला कळत नाही. नुसती सरासरी घेतली तर रेघ फिकी होते, जात नाही. ताऱ्यांच्या वर्तुळांच्या फोटोसाठी ‘लाइटन’ वापरतात, म्हणजे प्रत्येक बिंदूवर सर्वांत उजळ आकडा ठेवतात; त्यात तर प्रत्येक उपग्रह जसाच्या तसा उतरतो. तिथे रेघा एकेका फोटोत हातानेच पुसाव्या लागतात.

यात एक धोका आहे. सॉफ्टवेअरला उल्का आणि उपग्रह यांतला फरक कळत नाही, ते दोन्ही पुसतं. म्हणून उल्का असलेले मूळ फोटो आधी वेगळे काढा आणि स्वच्छ झालेल्या चित्रावर त्या उल्का नंतर बसवा.

बांधाबद्दलही एक सांगणं. रात्रीच्या लाइनीवर हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी सुरू असेल, तर त्या वावरापासून लांब बसा. तिथे लेन्सवर दव लवकर धरतं आणि तारे हळूहळू फुगल्यासारखे दिसू लागतात. दर वीस मिनिटांनी बॅटरीचा उजेड बाजूने टाकून काच बघा. दव धरलं तर पुसू नका, त्याने काचेवर पट्टे उमटतात. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी लेन्सभोवती सुरुवातीपासूनच गुंडाळलेली बरी.

प्रश्न : सिंदेवाहीकडे पडलं तसं काही पुन्हा पडताना दिसलं, तर ते उल्का नाही हे कसं ओळखायचं?
(एक वाचक, ता. नागभीड, जि. चंद्रपूर)

उत्तर : २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची मोठी कडी पडली, ती चिनी रॉकेटच्या टप्प्याची असावी, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. ओळख वेगावरून पटते. मिथुनातली उल्का सेकंदाला ३५ किमी वेगाने येते आणि क्षणात विझते. रॉकेटचे अवशेष सात-साडेसात किमी वेगाने येतात. त्यामुळे ते अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ, तुकडे होत, एकामागे एक आकाश ओलांडताना दिसतात. तुकडा सापडला तर हात लावू नका. टाकीत विषारी इंधन राहिलेलं असू शकतं. पोरांना लांब ठेवा आणि पोलीस पाटलांना किंवा तहसीलला कळवा.

प्रश्न : रेघा पुसता येतात, मग उपग्रहांबद्दल खगोलशास्त्रज्ञांची तक्रार कशाची?
(एक शिक्षिका, जि. गोंदिया)

उत्तर : पुसलेल्या रेघेखालची माहिती परत येत नाही. तुमच्या चित्राला ती लागत नाही, संशोधनाला लागते. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा आरसा ८.४ मीटरचा आहे; तेजस्वी उपग्रह गेला की त्याची नुसती रेघ उमटत नाही, कॅमेऱ्यात तिच्या खोट्या प्रतिमाही उठतात. सूर्याच्या बाजूने येणारे लघुग्रह संधिप्रकाशातच शोधता येतात, आणि उपग्रह सर्वांत जास्त उजळतात तेही नेमके तेव्हाच. रेडिओ दुर्बिणींना तर रात्र-दिवस सारखेच. युरोपातल्या लोफार दुर्बिणीने स्टारलिंक या इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांतून नकळत निघणाऱ्या रेडिओलहरी ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये टिपल्या, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. उपग्रह सातव्या प्रतीपेक्षा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) मंद असावेत, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसूच नयेत, अशी खगोलशास्त्रज्ञांची मागणी आहे. आमच्या मते ती अगदी रास्त आहे.

संध्याकाळी किती उपग्रह दिसतात, हे शाळेत मोजूनही पाहता येईल. अमावास्येच्या आसपास, सूर्यास्तानंतर एक तासाने मुलांना चटईवर उताणं झोपवा. प्रत्येकाला आकाशाचा एकच भाग द्या, नाहीतर एकच उपग्रह चौघांच्या वहीत चढतो. दहा मिनिटं सरकते ठिपके मोजा, मधे वीस मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा, असं सूर्यास्तानंतर तीन तासांपर्यंत करा. वहीत वेळ, दिशा आणि जवळच्या ताऱ्यापेक्षा ठळक की मंद, एवढंच लिहा. गावातला एलईडी दिवा डोळ्यांवर येत असेल तर शाळेच्या भिंतीच्या आडोशाला बसवा, आणि मोजणीआधी वीस मिनिटं मोबाइल बंद ठेवा.