‘टीका कर’ म्हणजे नेमकं काय कर?

फोंडा तालुक्यातल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा: त्यांची धाकटी बहीण घरच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, आठवणी ब्लॉगवर लिहिते. भाऊ त्याच कुळागरातली मसाल्याची बाग पर्यटकांना दाखवतो आणि त्या व्यवसायासाठी लिहितो. दोघांनीही आपापलं लिखाण ताईंना पाठवलं आणि दोघांचे शब्द एकच होते: ‘वाच आणि टीका कर.’ ताईंनी बहिणीला कळवलं, ‘भाषा फार भावुक आहे, मधला भाग पाल्हाळाचा आहे.’ भावाला कळवलं, ‘जाहिरात वाटते.’ बहिणीनं अबोला धरला. भाऊ म्हणाला, ‘मग मी बदलू काय, ते सांगितलंच नाहीस.’ आता ताई विचारतात की टीका हा शब्दच चुकला का? समीक्षा, परीक्षण, अभिप्राय, प्रतिक्रिया यांतला कुठला शब्द हवा होता? त्यांनी दोघांच्या लिखाणातलं एकेक वाक्यही पाठवलं आहे, त्याकडे पुढे येतो.

शब्द चुकला नाही. मात्र त्याचा अर्थ सरकला आहे, आणि तुमच्या घरात त्याचे दोन अर्थ एकमेकांवर आदळले, असं मला वाटतं.

टीका म्हणजे मुळात उलगडा. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटची ओवी आपल्यापैकी अनेकांना पाठ असते:

शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥

शके 1212 म्हणजे इसवी सन 1290. ‘टीका केली’ हे शब्द जसेच्या तसे आहेत. ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका केली, असं आज वर्तमानपत्राच्या मथळ्यात छापलं तर वाचणारा दचकेल. आज आपण नकळत एक सोय करून घेतली आहे. उलगडा सांगायचा तर ‘टीका लिहिली’ म्हणतो, दोष सांगायचा तर ‘टीका केली’. ‘गीतेवर टीका लिहिली’ आणि ‘सरकारवर टीका केली’ यांत ‘वर’ दोन्हीकडे आहे, सगळा फरक क्रियापदावर तोललेला आहे. ओवीच्या काळी तो फरक नव्हता.

जुनी पोथी कधी हातात घेऊन पाहिलीत का? काही पोथ्यांत पानाच्या मधोमध मोठ्या अक्षरांत मूळ श्लोक असतो आणि त्याच्या वर आणि खाली बारीक अक्षरांत टीका. पुढे छापील पुस्तकांतही तेच आलं, वर श्लोक आणि खाली लहान टायपात टीका. अशा ग्रंथाला ‘सटीक’ म्हणत, टीकेसह असलेला. (हल्ली ‘अचूक’ या अर्थानं मराठीत ‘सटीक’ लिहितात, तो हिंदीतून आलेला वापर आहे. आपला ‘अचूक’ चांगला धडधाकट असताना मला तो नको वाटतो.) त्या पानाची मांडणीच पुरेशी बोलकी आहे. टीका मुळाला खेटून बसते, मुळाला झाकत नाही आणि मुळाहून मोठ्या अक्षरात येत नाही.

कालिदासाचा टीकाकार मल्लिनाथ याच्या टीकेचं नाव ‘संजीवनी’. ते नाव का, हे त्यानं सुरुवातीलाच सांगितलं आहे: ‘भारती कालिदासस्य दुर्व्याख्याविषमूर्च्छिता’. वाईट विवरणांच्या विषानं कालिदासाची वाणी मूर्च्छित पडली आहे, तिला ही टीका पुन्हा जिवंत करील. टीकेचं काम शुद्धीवर आणण्याचं! त्यानंच स्वतःला घालून घेतलेला नियम असा: ‘नामूलं लिख्यते किञ्चिन्नानपेक्षितमुच्यते’. मुळात आधार नाही असं काही लिहीत नाही, आणि ज्याची गरज नाही असं काही सांगत नाही. कोणाचंही लिखाण वाचून चार शब्द कळवायला बसताना यापेक्षा चांगला नियम मला अजून मिळालेला नाही.

आता आजच्या टीकेची सोबत पाहा. टीकेची झोड उठते, टीकास्त्र सोडतात, माणूस टीकेचं लक्ष्य होतो, टीकेचा धनी होतो, टीकेचे घाव सोसतो. शब्द ज्यांच्या संगतीत राहतो त्यांचा वास त्याला लागतोच. ज्ञानेश्वरांच्या ओवीतला शब्द झोड आणि अस्त्र यांच्या संगतीत इतकी वर्षं राहिला की ‘टीका कर’ ऐकल्यावर आपला हात आपोआप दगडाकडे जातो. तुमच्या बहिणीनं जुन्या अर्थानं मागितलं, तुम्ही नव्या अर्थानं दिलंत. यात तुमचा दोष मी मानत नाही, कारण माझ्या हातूनही हेच झालं आहे.

माझ्या एका मित्राचे वडील जत्रांमधून खाज्याचं दुकान लावत. ते गेल्यावर मित्रानं त्यांच्याविषयी आठ पानं लिहिली आणि माझ्याकडे आणून दिली, ‘तू मराठीचा माणूस, टीका कर.’ मी लाल शाईनं ऱ्हस्वदीर्घ सुधारले, ‘पाल्हाळ’ असं दोन ठिकाणी समासात लिहिलं आणि परत दिली. त्यानं आभार मानले, पुढे मला कधीच काही दाखवलं नाही. काही वर्षांनी त्याच्याच घरी ती पानं पुन्हा पाहिली. पाचव्या पानावर वाक्य होतं, ‘बाबा गुळाचा पाक कधी चाखत नसत, थेंब पाण्यात टाकून बघत. पाक चाखून कळत नाही, बघून कळतो.’ त्यातल्या ‘चाखून’चा पहिला उकार मी लाल शाईनं सुधारला होता. सगळ्या आठ पानांतलं ते सर्वांत सुंदर वाक्य होतं, आणि माझी शाई त्याच्यावरून जाऊनही मला ते दिसलं नव्हतं.

पाक बघून कळतो. गंमत पाहा, तुम्ही विचारलेल्या शब्दांपैकी दोन याच ‘बघण्या’तून आले आहेत. संस्कृत ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. सम् लागून समीक्षा, परि लागून परीक्षा आणि परीक्षण, निर् लागून निरीक्षण, प्रति लागून प्रतीक्षा. अपेक्षा आणि उपेक्षाही त्याच घरातल्या, प्रेक्षकही तिथलाच. समीक्षा म्हणजे नीट, समग्र पाहणं. परीक्षण म्हणजे सगळ्या बाजूंनी, फिरून पाहणं. दोष काढणं यांतल्या एकाच्याही मुळात नाही.

तरी दोन्ही एकाच मापाचे शब्द नव्हेत. समीक्षा मोठ्या कामाला शोभते. एखाद्या लेखकाचं सगळं लिखाण, एखादा कालखंड, एखादा वाङ्मयप्रकार यांची समीक्षा होते. बहिणीच्या एका आठवणीची समीक्षा करतो म्हटलं तर ते लग्नाच्या पंगतीच्या भांड्यात एका माणसाची पेज शिजवण्यासारखं होईल. परीक्षण मात्र आपल्या गोव्यात चांगलं रुळलेलं आहे, कारण इथं गावोगावच्या जत्रेत मराठी नाटक होतं आणि कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेला परीक्षक बसतात. परीक्षण म्हटलं की आपल्याला एक ठरलेली वस्तू, काही कसोट्या आणि शेवटी एक निकाल दिसतो. म्हणून तो शब्द मी तुमच्या भावासाठी राखून ठेवीन. बहिणीसाठी नाही.

परीक्षेचाच मराठी मातीत वाढलेला अवतार म्हणजे ‘पारख’. संस्कृत परीक्षा, प्राकृतात परिक्खा, मराठीत पारख. सोनार सोनं पारखतो, तेव्हा तो सोन्यावर रागावलेला नसतो. बोलण्यात मला तरी ‘परीक्षण कर’पेक्षा ‘जरा पारखून दे’ जवळचं वाटतं. मात्र याच उच्चाराचा दुसरा शब्द शेजारी उभा आहे. ‘पारखा होणे’ म्हणजे परका होणे, दुरावणे. तो परीक्षेतून आलेला नाही, ‘पर’मधून आला आहे. ‘ती पारखी आहे’ म्हणजे तिला जाण आहे, ‘ती मला पारखी झाली’ म्हणजे ती दुरावली. तुमच्या घरी नेमकं पहिलीच्या नादात दुसरी घडली.

पारखीचा सख्खा शेजारी म्हणजे चोखंदळ. आपण ‘चोखंदळ वाचक’ म्हणतो तो चोख, शुद्ध, निवडक या कुळातला शब्द आहे. चोखचं जुनं रूप तर इथल्याच मातीत छापलेलं सापडतं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली सासष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. त्यात ते म्हणतात:

जैसी हरळांमाजी रत्नकिळा । कीं रत्नांमाजी हिरा निळा ।
तैसी भाषांमाजी चोखळा । भाषा मराठी ॥

ही ओवी मराठीच्या कौतुकासाठी आपण नेहमी म्हणतो, मला तिच्यातला ‘हरळां’ तितकाच आवडतो. हरळ म्हणजे खडा. चोखंदळ माणूस खड्यांच्या राशीपुढे बसतो आणि त्यातलं रत्न उचलतो. नुसते खडे मोजून उठणाऱ्याला आपण चोखंदळ म्हणत नाही.

अभिप्रायाविषयी थोडं सांगायला हवं, कारण बहिणीसाठी मी तोच सुचवणार आहे. आज अभिप्राय म्हणजे वाचणाऱ्याचं मत. मुळात तो बोलणाऱ्याचा हेतू होता. अजूनही ‘तुम्हाला काय अभिप्रेत आहे?’ असं विचारताना आपण जुना अर्थच वापरतो, अभिप्रेत आणि अभिप्राय एकाच धातूचे. लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं आणि वाचणाऱ्याला काय वाटलं, हे दोन्ही ज्या एका शब्दात मावतं तो शब्द आठवणींच्या लिखाणाला फार योग्य आहे. ‘अभिप्राय दे’ म्हटलं की वाचणाऱ्यावर आधी समजून घेण्याची जबाबदारी येते.

प्रतिक्रिया मात्र वेगळी. ती घडते. ठेच लागली की ‘आई गं’ ही प्रतिक्रिया. आपल्याकडे घरी कोंकणीत ‘बरें बरयलां’ म्हणतात, चांगलं लिहिलंयस. बरें आणि बरयलां यांचा नाद इतका जुळतो की ते तोंडातून आपसूक निघतं. ही प्रतिक्रिया, आणि तिचं मोल मी अजिबात कमी मानत नाही. पण ‘वाच आणि टीका कर’ म्हणणाऱ्यानं तिच्यापुढचं काही मागितलेलं असतं.

आता तुम्ही पाठवलेली दोन वाक्यं. भावाचं असं: ‘आमच्याकडे सर्व सोयी उपलब्ध असून ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय आहे.’ इथं परीक्षण करा, म्हणजे वाक्याभोवती फिरून पाहा. सर्व सोयी म्हणजे कोणत्या? बाग बघायला किती वेळ लागतो? पावसाळ्यात चिखलातून चालायचं आहे का? गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला जमेल का? जेवण पानावर मिळतं का आणि आधी कळवावं लागतं का? व्यवसायाचं लिखाण वाचणाऱ्याला काहीतरी ठरवायचं असतं, आणि या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. ‘जाहिरात वाटते’ हा तुमचा शेरा खरा होता, पण जाहिरात वाटणं हा त्या लिखाणाचा दोष नाही, कारण ती जाहिरातच आहे. वाक्य कुठल्याही दुकानाला चालेल हा दोष. ‘मिरीचा वेल पोफळीवर कसा चढवतात ते इथं हात लावून बघता येतं’ एवढं लिहिलं, तरी ते वाक्य कापडाच्या दुकानाला चालणार नाही. असं बोट ठेवून सांगितलं असतंत, तर ‘बदलू काय?’ विचारायची वेळ त्याच्यावर आली नसती.

बहिणीचं वाक्य: ‘आजी गेली आणि कुळागर ओकंबोकं झालं.’ तुम्ही याला भावुक म्हणालात. मी ते चार वेळा वाचलं. कुळागर ओकंबोकं होत नसतं. पोफळी तिथंच असतात, केळी, जायफळं, फणस, सगळं तिथंच उभं असतं, माणूस गेल्यावरही वाढत राहतं. इतक्या दाट हिरवळीला ओकंबोकं म्हणायला लागावं, इतकी जागा आजीनं व्यापली होती, हे त्या वाक्यात आहे. पण ती जागा कशानं व्यापली होती हे वाक्यानं अजून सांगितलेलं नाही. ते मुळात आहे, मल्लिनाथाच्या भाषेत ‘अमूल’ नाही, फक्त उघडायचं राहिलं आहे. पुढचा पाल्हाळ म्हणता तो कदाचित ते शोधतानाची चाचपड असेल.

म्हणून ताई, तिला फोन करा. आधी ‘बरें बरयलां’ म्हणा, ते खरंच आहे. मग विचारा: आजी असताना सकाळी कुळागरात पहिला आवाज कसला यायचा? आणि ती गेल्यावर पाटाचं पाणी कोणी सोडलं?