अनुदान लहान असेल तेव्हा प्रश्न एकच घे

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या अंतर्गत संशोधन अनुदानासाठी तू लिहिलेला मसुदा वाचला. ‘गोव्यातील खाजन जमिनींमधील सूक्ष्मजीवांचा समग्र अभ्यास’ हे शीर्षक वाचूनच मला काळजी वाटू लागली. दिवाडी, चोडण, आजोशी-मंडूर, नेरूल एवढी गावं, वर्षभर नमुने, शिवाय सगळ्यांचं जनुकीय सिक्वेन्सिंग. खाडीचं खारं पाणी बांधांनी अडवून राखलेल्या या सखल शेतांबद्दलची तुझी तळमळ मला ठाऊक आहे. पण हा मसुदा पाच वर्षांच्या कामाचा आहे आणि हाती एका वर्षापुरते थोडे पैसे येणार आहेत.

अंतर्गत अनुदान नेमकं कशासाठी असतं, ते आधी मनाशी पक्कं कर. मोठ्या रकमेसाठी दुसरी दारं आहेत. यूजीसीने नव्या सहायक प्राध्यापकांना 10 लाखांपर्यंतचं स्टार्टअप अनुदान दिलेलं आहे, आणि 2023 च्या कायद्यानं उभी राहिलेली अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन तरुण संशोधकांचे प्रस्ताव घेते. तिथले परीक्षक पहिल्यांदा विचारतात की या विषयात तुझ्या स्वतःच्या हातचे आकडे कुठे आहेत. ते आकडे मिळवायला हे लहान अनुदान असतं. मला त्याचं मोल फार वाटतं, कारण नव्या माणसावर इतक्या लवकर विश्वास टाकणारं दुसरं काही आपल्याकडे जवळपास नाही.

म्हणून प्रश्न एकच घे. माझ्या मते तो तुझ्या मसुद्याच्या चौथ्या पानावर दडून बसला आहे: बांध फुटून खारं पाणी शिरलेल्या शेतात, बांध दुरुस्त झाल्यावर, मातीतलं फॉस्फेट विरघळवून पिकाला मिळवून देणारे जिवाणू परत येतात का? हे शेतकऱ्याच्याही कामाचं आहे. कोरगुट हा भात खारं सोसतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण मातीतलं बाकीचं जग किती सोसतं हे कुणी सहजी सांगत नाही.

बांध फुटण्यापासून सावरेपर्यंतची वर्षं तुला एका प्रकल्पात थांबून पाहता येणार नाहीत. मग तीन अवस्थांतली शेतं शेजारीशेजारी घे: बांध कधी न फुटलेली, फुटून गेल्या एक-दोन वर्षांत दुरुस्त झालेली, आणि खारं पाणी आत राहून पडीक झालेली. प्रत्येक अवस्थेची तीन वेगवेगळी शेतं हवीत. एकाच शेतातून दहा नमुने उचललेस तरी ते एकच शेत राहतं, आणि हा आक्षेप कुणीतरी घेणारच. प्रत्येक शेतात दोन जागा घे, म्हणजे एकाच शेतात जागेजागेवर किती फरक पडतो तेही कळेल. लहान प्रकल्पातून मिळणारी सगळ्यांत भरवशाची गोष्ट हीच चढउताराची माहिती. ‘दुरुस्त शेतात जिवाणू दुप्पट’ असला निष्कर्ष एवढ्या नमुन्यांवर ठामपणे काढू नकोस. मोठ्या प्रकल्पात किती शेतं लागतील हे मात्र या चढउतारावरून प्रामाणिकपणे मांडता येईल.

आता वेळेचं बघ. तुझ्या मसुद्यात पहिली फेरी मे महिन्यात आहे. मंजुरीपत्र आणि पहिला हप्ता येईपर्यंत मे हातचा गेलेला असू शकतो, आणि 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं. खाजनाचं स्वतःचं चक्र तर तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक: मृगाच्या पावसात मातीतलं मीठ धुऊन जातं, मग पेरणी, दसऱ्याच्या आसपास कापणी, आणि त्यानंतर उन्हं वाढतील तसं मीठ केशाकर्षणानं पुन्हा वर चढतं. तेव्हा प्रश्नच असा मांड की तो कापणीनंतरच्या महिन्यांत सुटेल: मीठ परतत असताना कोणत्या शेतातले जिवाणू आधी ढासळतात? नोव्हेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचा मध्य अशा तीन फेऱ्या ठेव. मेमधली फेरी तुला हवीच असेल तर ती एखाद्या एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीच्या प्रबंधात बसव, अनुदानाच्या हिशेबात नको.

खर्चाच्या पानावर मात्र तुला जास्त वेळ बसावं लागेल. ‘रसायनं व काचसामान’ असं लिहून पुढे एक गोल आकडा टाकणं बरं नव्हे. समितीत इतिहासाचे, वाणिज्याचे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक असतील. त्यांना हे जिवाणू वाढवायचं पिकोव्हस्काया माध्यम ठाऊक नसलं तरी हिशेब सगळ्यांना कळतो. नऊ शेतं, प्रत्येकी दोन जागा, तीन फेऱ्या: 54 नमुने. प्रत्येक नमुन्याची तीन विरलनं (कमी-जास्त पातळ केलेली द्रावणं), साधं आणि मीठ घातलेलं अशी दोन माध्यमं, प्रत्येकाच्या तीन प्लेटा: नमुन्यामागे 18. एकूण 972 प्लेटा, प्लेटमागे 20 मिली धरलं तर साडेएकोणीस लिटरच्या आसपास माध्यम. एवढं लिहिलंस की रकमेबद्दल कुणी शंका काढणार नाही. तुलाही कळेल की एका फेरीत 324 प्लेटा ओतायच्या आहेत, तेही आठवड्याचे 16 तास वर्गात शिकवत. म्हणून फेरी तीन दिवसांत वाट. पण एका दिवशी सगळी पडीक शेतं आणि दुसऱ्या दिवशी सगळी चांगली असं करू नकोस, नाहीतर दिवसाचा फरक आणि शेताचा फरक एकमेकांत मिसळतील. दररोज प्रत्येक अवस्थेतलं एकेक शेत घे.

सिक्वेन्सिंग या प्रस्तावातून काढून टाक. हे वाचून तुला वाईट वाटेल. त्याऐवजी प्रत्येक नमुन्याचा एक भाग उणे 80 अंशांवर जपून ठेवायची तरतूद कर आणि ते प्रस्तावात स्पष्ट लिही. पुढे मोठं अनुदान मिळालं की याच मातीकडे परत जाता येईल, आणि ही माती पुन्हा मिळणार नाही. मातीचा खारेपणा कळायला लागणारा विद्युतवाहकतेचा मीटर विभागात आहे, तो विकत घेऊ नकोस.

वाहन, फेरीबोटीपलीकडचा प्रवास, शेतात वाट दाखवणाऱ्या माणसाची मजुरी, हे सगळं वेगळ्या हेडखाली मांड. ती मजुरी कधीही गाळू नकोस. बांध कधी फुटला, मानशीचं, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेचं, दार कधी नादुरुस्त झालं, मासळीसाठी पाणी कुणी आत घेतलं, ही माहिती त्या माणसांकडेच आहे आणि तुझा सगळा अभ्यास तिच्यावर उभा आहे. कुळांच्या संघटनेची आणि जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या जुन्या सामायिक संस्थेची, असेल तर तिचीही लेखी परवानगी आधी घे. मानशीच्या मासळीवरून काही गावांत जुने वाद आहेत. तू कुणाच्या बाजूनं आलेली नाहीस, हे पहिल्या भेटीतच सांग.

पैसे आल्यावरची कामं थोडक्यात सांगते. खरेदीचे नियम अकाउंट्समध्ये जाऊन आधी विचार, कोटेशन आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलला लागणारा वेळ वेळापत्रकात धर, प्रत्येक वस्तू स्टॉक रजिस्टरला चढव. सरकारी वित्त नियमांच्या (जीएफआर) 12-अ नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र मार्चच्या शेवटी भरायला घेऊ नकोस. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या संशोधनाचे गुण मोजताना 10 लाखांखालच्या चालू प्रकल्पाला 2 गुण आणि पूर्ण झालेल्याला 5 गुण आहेत. गुणांसाठी संशोधन करावं असं मी कधी म्हटलेलं नाही, पण संपवलेल्या कामाला दिलेलं हे वजन मला योग्य वाटतं.

तुझ्या मराठी विभागातल्या मैत्रिणीलाही अर्ज करायला सांग. आमच्यासारखी प्रयोगशाळा नाही म्हणून भाषावाले मागे राहतात, ते मला पटत नाही. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात गोमंतकातल्या जुन्या मराठी नियतकालिकांचे अंक आहेत. एका नियतकालिकाची लेखक-विषय सूची एवढं काम तिनं वर्षभरात पुरं केलं, तर पुढची कित्येक वर्षं अभ्यासक ती वापरतील.

नवा मसुदा लिहायला बसण्याआधी चोडण आणि दिवाडीला जाऊन ये. नऊ शेतं मिळतात का ते बघ. दुरुस्त झालेली तीन शेतं मिळणंच कठीण जाईल असं मला वाटतं. दोनच मिळाली तर तिन्ही अवस्थांची दोन-दोन धर आणि हिशेब नव्यानं मांड. पाऊस लागला की ती माणसं पेरणीत गुंततात, म्हणून येत्या रविवारीच जा.

तुझी,
मॅडम