आमटीतली गोळी की महिन्याचं इंजेक्शन?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या २७ वर्षांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळी घेतली म्हणतो आणि गादी उचलली की खाली सापडतात, म्हणून हल्ली मी कुटून आमटीत घालते. आता त्याला संशय आलाय, घरचं जेवतच नाही, खाली जाऊन वडापाव खातो. नणंदबाई म्हणाल्या महिन्याला एक इंजेक्शन असतं. व्हिटॅमिनचं आहे सांगून दिलं तर चालेल का?
एक आई, सिंहगड रोड

उत्तर: ताई, इंजेक्शन चालेल, थाप नको. जेवणात काहीतरी घालतात हा संशय या आजारात तसाही येतो, आणि इथे तर तो खराच निघाला! त्यात २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्याला समजत असेल तर त्याची संमती लागतेच.

औषध साधारण तेच असतं, दंडात किंवा कमरेत देतात आणि स्नायूतून हळूहळू रक्तात उतरत राहतं. फ्लुफेनाझिन, हॅलोपेरिडॉल ही जुनी, तिळाच्या तेलातली, दोन ते चार आठवड्यांनी द्यायची, स्वस्त पडतात. पॅलिपेरिडोन नवीन, पहिले दोन डोस आठवड्याच्या अंतराने, मग महिन्याला एक, छान बसलं तर पुढे तीन महिन्यांनी एक पण खिशाला जड. आधी गोळी देऊन सोसतं का बघतात, कारण टोचलेलं परत काढता येत नाही, हातपाय कडक झाले किंवा एका जागी बसवेना असं झालं तर ते लगेच जात नाही, आठवडे जातात. वजन-साखर बघत राहायचं ते वेगळंच. आणि सुई घेतली म्हणून गोळ्या त्याच दिवशी बंद असंही नाही, काही प्रकारांत दोन-तीन आठवडे सोबत चालू ठेवतात.

त्याला आधी विचारा गोळी का नको वाटते. झोप येते? हात थरथरतात? बऱ्याच मुलांना खरा वैताग असतो तो घरच्यांच्या रोजच्या "घेतलीस का?"चा, आणि इंजेक्शनने तो संपतो हे कळलं की काही जण स्वतःहून विचार करतात.

याच आठवड्यात त्याच्या डॉक्टरांकडे जा, जमत नसेल तर ससूनची मानसोपचार ओपीडी आहे. गादीखालच्या गोळ्या पिशवीत घालून न्या आणि आमटीचंही सांगा, नाहीतर पूर्ण डोसवर असूनही फरक नाही असं समजून ते डोस वाढवून बसतील.