जिक्र आणि नामस्मरण एकच का?

प्रश्न: ताई, आमची आजी मुक्ताईनगरच्या वारीत टाळ घेऊन नाम घेत चालते, आणि मित्राकडे बऱ्हाणपूरला जिक्र, म्हणजे सूफींचा अल्लाहच्या नावाचा जप, ऐकला तर तोच ठेका वाटला. एकच आहे का हे? – एक वाचक, भुसावळ

उत्तर: कान चांगला आहे तुझा! दोन्हीकडे नाम घेत घेत 'मी' विरघळवायचा, सूफी त्याला फना म्हणतात. पण सरसकट एकच म्हणू नको बरं, जिक्रमागे कुराण आणि पीर-मुरीद सिलसिला, म्हणजे गुरु-शिष्य परंपरा, आहे, वारीमागे विठ्ठल. आणि बऱ्हाणपूर हे नावच चिश्ती या सूफी पंथातले बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून पडलंय, ते 1337 मध्ये गेले, कबर खुलदाबादला. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद तर कादिरी या सूफी परंपरेतले, आणि मराठीत ओव्या लिहायचे. पुढच्या वारीला मित्राला घेऊन जा, आजी भाकरी-ठेचा देईलच.